विश्लेषण : ‘आय-७’चे स्टिकर पाहून डेस्कटॉप घ्यावा का?

मुलांचा अभ्यास किंवा घरून काम यासाठी डेस्कटॉप घ्यायचा, तर बाळकुममधील कुटुंबांपुढे दोन वाटा असतात. ठाण्यात नवा संगणक घ्यायचा किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठून कार्यालयांतून बाहेर पडलेला ‘रिफर्बिश्ड’ संगणक आणायचा. दुसरी वाट स्वस्त. त्यात ‘आय-७’चे स्टिकर असेल तर मोह आवरत नाही. मात्र १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि हा हिशेब बदलला.

आय-७ हा आय-३ पेक्षा नेहमीच वेगवान?

नाही. आय-३, आय-५, आय-७ ही एकाच पिढीतील प्रतवारी आहे. इंटेलचा २०१३ मधील आय७-४७७० आणि २०२२ मधील आय३-१२१०० या दोन्हींत ४ कोअर व ८ थ्रेड आहेत. तरीही ‘पासमार्क’ या चाचणीत नव्या आय-३ ला जवळपास दुप्पट गुण मिळतात. पिढी ओळखणे सोपे आहे. या क्रमांकांतील शेवटचे तीन अंक सोडले की उरतो तो पिढीचा आकडा : ४७७० म्हणजे चौथी, ८५०० म्हणजे आठवी, १२१०० म्हणजे बारावी.

किमतीच्या तुलनेत कामगिरी कशी मोजायची?

चाचणीतील गुणांना किमतीने भागायचे. उदाहरणादाखल, जुना आय७-४७७० असलेला संगणक १० हजारांना, आय५-८५०० असलेला १५ हजारांना आणि नवा आय३-१२१०० असलेला २८ हजारांना मिळतो असे धरू. त्यांचे गुण ढोबळमानाने ७,०००, ९,५०० आणि १३,००० आहेत. म्हणजे हजार रुपयांमागे अनुक्रमे ७००, सुमारे ६३० आणि सुमारे ४६० गुण.

मग सर्वात जुनाच फायद्याचा?

कागदावर तसे दिसते. पण विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ ही सुरक्षा सुविधा लागते. चौथ्या पिढीचा संगणक या अटीत बसत नाही. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना दिलेली वाढीव सुरक्षा अपडेटची मुदतही ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच. त्यानंतर त्यावर नेट बँकिंग करणे जोखमीचे. त्यामुळे मर्यादित बजेटमध्ये आठव्या पिढीचा रिफर्बिश्ड संगणक हा मधला मार्ग ठरतो. दीर्घकाळ वापरायचा असेल, तर नव्याचे जादा पैसे वसूल होतात.

प्रोसेसरखेरीज काय पाहावे?

हार्ड डिस्कऐवजी एसएसडी असलेला संगणक चालू होताना आणि फाइल उघडताना लक्षणीय वेगवान वाटतो. रॅम किमान ८ जीबी असावी आणि आणखी एक स्लॉट रिकामा असावा. मात्र २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती वाढल्या, त्यामुळे ‘नंतर वाढवू’ हा बेत महाग पडू शकतो. मॉनिटर, कीबोर्ड आणि यूपीएसचा खर्च बेरजेत धरावा.

दुकानात काय तपासावे?

संगणक चालू करून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबावीत. उघडणाऱ्या टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ विभागात प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, रॅम आणि डिस्कचा प्रकार दिसतो. तोच क्रमांक बिलावर लिहून घ्यावा आणि वॉरंटी किती महिन्यांची, हेही बिलावरच नोंदवून घ्यावे. आधी विंडोज ११ ची अट, मग गुण आणि किमतीचा भागाकार. स्टिकर सर्वात शेवटी.