पाहणे, दिसणे आणि लपणे : युद्धोपयोगी दृक्‌साधनांच्या मराठी परिभाषेचा विचार

अंबरनाथ पश्चिम येथे १९५३ साली स्थापन झालेल्या संरक्षण कारखान्याचे अधिकृत नाव ‘आयुध निर्माणी’ असे आहे. तथापि बाजारात अथवा लोकलच्या डब्यात हे नाव क्वचितच ऐकू येते. तेथे ‘ऑर्डनन्स’ एवढाच शब्द चालतो. नौदलाच्या जहाजांसाठी धातू, रंग, लेप इत्यादींचे संशोधन करणारी प्रयोगशाळाही ह्याच गावी आहे. शस्त्रविद्येशी इतका निकटचा संबंध असलेल्या गावातदेखील पाटीवरचा शब्द एक आणि तोंडातला शब्द दुसरा, अशी स्थिती दिसते. ह्यावरून एक व्यापक प्रश्न उपस्थित होतो : युद्धशास्त्रातील नव्या वस्तूंना मराठीत जी नावे मिळतात, ती त्या वस्तूंचे खरे स्वरूप सांगतात काय?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न रात्री पाहण्याची उपकरणे, लेसर आणि छद्मावरण ह्या तीन विषयांपुरता मर्यादित केला आहे. ही उपकरणे अंबरनाथच्या निर्माणीत होत नाहीत. तेथे प्रामुख्याने अलोह धातूंचे काम चालते. दृक्‌साधनांच्या संशोधनाचे व निर्मितीचे प्रमुख केंद्र डेहराडून हे आहे, आणि प्रतिमा उजळणाऱ्या नळ्यांची निर्मिती पुण्यात होते. म्हणजे विषय मराठी मुलखाला परका नाही. परका आहे तो त्याचा शब्दसंग्रह. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे की, ह्या प्रत्येक साधनाविषयी ‘प्रकाश कोणाचा?’ हा प्रश्न मूलभूत आहे, आणि जी संज्ञा त्याचे उत्तर देत नाही ती विद्यार्थ्याला शास्त्रापासून दूर नेते.

१. जुने शब्द

मराठीतील युद्धविषयक शब्दसंग्रह हा अनेक थरांचा आहे. ‘तोफ’ तुर्कीतून आली, ‘काडतूस’ व ‘पिस्तूल’ पोर्तुगिजांकडून आले. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रचल्या गेलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त शस्त्रवर्ग व दुर्गवर्ग असे स्वतंत्र विभाग असून त्यांत यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिलेले आहेत. त्यांतील कित्येक प्रतिशब्द कोशातच राहिले व तोफ ही तोफच राहिली. ह्यावरून परिभाषेचा उद्योग व्यर्थ ठरतो असे नव्हे. रूढ व सुटसुटीत शब्दाला हटविणे कठीण असते, एवढाच बोध घ्यावयाचा.

दृक्‌साधनांपुरते पाहिले तर ‘दुर्बीण’ हा शब्द विशेष उद्‌बोधक आहे. तो फारसी ‘दूरबीन’ ह्यावरून आला. ‘दूर’ म्हणजे लांब आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. मराठीने त्याचा उच्चार बदलला, त्याला स्त्रीलिंग दिले आणि आपल्या प्रत्ययमालेत बसविले. त्याच्या जागी ‘दूरदर्शी’ हा शब्द रूढ करावयाचा म्हटले असते तर अडचण आली असती, कारण मराठीत दूरदर्शी माणूस असतो, यंत्र नव्हे. उलट ‘सूक्ष्मदर्शक’ हा शब्द सहज रुळला. सूक्ष्म वस्तू ‘दाखविणारे’ ते सूक्ष्मदर्शक. साधनवाचक संज्ञेस ‘दर्शक’ हे उत्तरपद अधिक योग्य, असा निष्कर्ष येथून काढता येतो.

दुसरा शब्द ‘खाकी’. फारसीत ‘खाक’ म्हणजे धूळ, माती. पेशावर येथे १८४६ साली उभारलेल्या ‘गाइड्स’ पथकाने धुळीच्या रंगाचा पोशाख स्वीकारला, आणि पुढे तो रंग व तो शब्द दोन्ही जगभर पसरले. फ्रेंच लष्कराने १९१५ साली छद्मावरणासाठी स्वतंत्र विभाग काढला आणि ‘कॅमुफ्लाज’ हा फ्रेंच शब्द पहिल्या महायुद्धात इंग्रजीत शिरला. त्याआधी कितीतरी वर्षे ‘खाकी’ ह्या शब्दाने आवरणाचे तत्त्व नेमके सांगून ठेवले होते : ज्या पार्श्वभूमीवर उभे राहावयाचे तिचाच रंग धारण करावा. आज मराठीत ‘खाकी’ म्हटले की पोलिस डोळ्यांसमोर येतो. लपण्यासाठी जन्मलेला रंग ओळख पटविण्याच्या कामी आला आहे.

२. क्रियापदांची साक्ष

आता मराठीच्या क्रियापदांकडे वळू. ‘मी शत्रूला पाहतो’ ह्या वाक्यात द्रष्टा हा कर्ता आहे. ‘मला शत्रू दिसतो’ ह्या वाक्यात दृश्य वस्तू कर्त्याच्या जागी आली असून द्रष्टा चतुर्थीत गेला आहे. पाहणे हा द्रष्ट्याचा व्यापार. दिसणे हा दृश्याचा व्यापार असून द्रष्टा त्याचा केवळ अनुभव घेतो. ‘लपणे’ ह्या क्रियापदालाही अशीच एक अपेक्षा आहे. कोणी लपला असे म्हणताच ‘कोणापासून?’ ही आकांक्षा उत्पन्न होते. निरपेक्ष लपणे नाही.

हा भेद भौतिकशास्त्रातही सार्थ ठरतो. काही उपकरणे स्वतः प्रकाश फेकून पाहतात. काही नुसता आलेला प्रकाश ग्रहण करतात. ह्यांस इंग्रजीच्या अनुकरणाने ‘सक्रिय’ व ‘निष्क्रिय’ म्हणण्याची पद्धत आहे. परंतु ‘निष्क्रिय उपकरण’ म्हटल्यास मराठी वाचकास ते बिघडलेले वाटण्याचा संभव अधिक. शालेय खगोलशास्त्रात तारे स्वयंप्रकाशी व ग्रह परप्रकाशी हे आपण सर्वजण शिकलेलो आहोत. तीच जोडी येथे उपयोगी पडते.

३. एका नावाखाली तीन उपकरणे

वृत्तपत्रांतून ‘नाइट व्हिजन’ हा शब्द सरसकट वापरला जातो. क्वचित त्याचे ‘रात्रदृष्टी’ असे भाषांतर आढळते. हे भाषांतर दोन कारणांनी सदोष आहे. पहिले असे की, दृष्टी हा डोळ्याचा धर्म आहे. अंधारात गेल्यावर सुमारे अर्ध्या तासात डोळा अंधाराला सरावतो. ही त्याची रात्रदृष्टी, आणि तिच्या अभावाला ‘रातांधळेपणा’ हा अस्सल मराठी शब्द आहेच. उपकरणाला तेच नाव दिल्यास संकर होतो. दुसरे व अधिक महत्त्वाचे कारण असे की, ह्या एका नावाखाली तीन भिन्न तत्त्वांची उपकरणे एकत्र केली जातात.

पहिले उपकरण स्वतःबरोबर दिवा बाळगते. त्या दिव्याचा प्रकाश अवरक्त असल्यामुळे उघड्या डोळ्यांस दिसत नाही. परावर्तित किरण परिवर्तक नळीत शिरून दृश्य प्रतिमा उमटते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन व अमेरिकी सैन्यांनी अशी साधने बंदुकांवर बसविली होती. येथे प्रकाश द्रष्ट्याचा आहे. शत्रूजवळ तसलीच नळी असेल तर हा ‘अदृश्य’ दिवा त्याला मशालीसारखा दिसतो.

दुसरे उपकरण आकाशातून येणाऱ्या प्रकाशावर चालते. पौर्णिमेच्या चांदण्यात भूमीवर सुमारे पाव लक्सपर्यंत प्रकाश पडतो, केवळ ताऱ्यांच्या प्रकाशात लक्सच्या सुमारे सहस्रांशाइतका. भर दुपारी हेच मान एक लक्षाच्या घरात असते. हा अल्प प्रकाश प्रकाशऋणाग्रावर पडला की त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. सूक्ष्म नलिकांच्या तबकडीतून जाताना आघातागणिक त्यांची संख्या वाढत जाते. शेवटी ते स्फुरदीप्त पडद्यावर आदळून बहुधा हिरवट प्रतिमा निर्माण करतात. हे उपकरण अंधारात पाहत नाही. ते अपुऱ्या उजेडाला पुरेसा करते. बंद तळघरात, जेथे आकाशाचा कणभरही प्रकाश नाही, तेथे ते निरुपयोगी आहे.

तिसऱ्या उपकरणास ना दिवा लागतो ना चांदणे. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार प्रारण बाहेर टाकते. मानवी त्वचेच्या तापमानास ह्या प्रारणाचा उत्कर्ष सुमारे साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीस येतो. म्हणून अशी उपकरणे मुख्यतः ८ ते १२ आणि ३ ते ५ मायक्रोमीटर ह्या पट्ट्यांत काम करतात. येथे पाहिली जाणारी वस्तूच स्वयंप्रकाशी आहे. साधी काच ह्या दीर्घ तरंगांस अपारदर्शक असल्याने त्यांची भिंगे बहुधा जर्मेनियमची असतात. आणि म्हणूनच खिडकीच्या काचेपलीकडचा मनुष्य दुसऱ्या उपकरणास दिसू शकतो, तिसऱ्यास नाही. शिवाय हे तिसरे उपकरण दिवसाही तितकेच चालते. त्याच्या नावात ‘रात्र’ हा शब्द घालणे मुळातच अप्रस्तुत होय.

तेव्हा ह्या तीन उपकरणांस अनुक्रमे ‘किरणक्षेपी रात्रदर्शक’, ‘प्रकाशवर्धक रात्रदर्शक’ व ‘उष्णताचित्रक’ अशा संज्ञा सुचवाव्याशा वाटतात. पहिल्यात प्रकाश द्रष्ट्याचा, दुसऱ्यात आकाशाचा, तिसऱ्यात दृश्याचा. आणि संज्ञा ऐकताच हा भेद लक्षात यावा, एवढाच त्यांचा हेतू आहे.

४. लेसर

‘लेसर’ ह्या शब्दाचा प्रश्न निराळा आहे. हा शब्द इंग्रजी आद्याक्षरांचा बनलेला असून तो गॉर्डन गूल्ड ह्यांनी १९५७ साली आपल्या टिपणवहीत योजला. थिओडोर मेमन ह्यांनी १६ मे १९६० रोजी माणकाच्या स्फटिकापासून पहिला लेसर प्रत्यक्ष सिद्ध केला. मराठीत हा शब्द आता अविभाज्य प्रकृती म्हणूनच वागतो : लेसरने, लेसरचा, लेसरमुळे. त्याची फोड कोणास आठवत नाही व आठवण्याची गरजही नाही. ‘दुर्बिणी’प्रमाणे तोही ठेवून घ्यावा.

विचार करावयाचा तो त्याच्या सामासिक शब्दांचा. लेसर अंतरमापकात प्रकाशाचा अत्यल्पकालीन स्पंद लक्ष्यावर टाकून तो परत येण्यास लागणारा वेळ मोजतात. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो. जाणे व येणे दोन्ही धरल्यास एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. लक्ष्यनिर्देशकाचे कार्य वेगळे. तो लक्ष्यावर प्रकाशाचा ठिपका स्थिर धरून ठेवतो. वृत्तपत्रांतील ‘लेसर मार्गदर्शित बॉम्ब’ ह्या शब्दप्रयोगावरून लेसर बॉम्बला हाताला धरून नेतो, असा समज होतो. वस्तुतः बॉम्बच्या अग्रभागी असलेला ग्राहक लक्ष्यावरून परावर्तित झालेला प्रकाश हेरतो आणि त्या दिशेने वळतो. कारगिल युद्धात २४ जून १९९९ रोजी टायगर हिलवर मिराज विमानांतून टाकलेले बॉम्ब ह्याच तत्त्वावर चालणारे होते. ‘लेसर-अनुगामी’ ही संज्ञा ह्या व्यापारास अधिक जवळची ठरेल. येथेही प्रकाश द्रष्ट्याच्या पक्षाचा असतो, आणि म्हणून त्याची किंमतही द्यावी लागते : लेसर पडताच सावध करणारे ग्राहक अनेक रणगाड्यांवर बसविलेले असतात.

५. लपणे, पण कोणापासून?

मराठीत ‘कॅमुफ्लाज’साठी छद्मावरण, मायावरण असे शब्द वापरले जातात. ते शब्द म्हणून चांगले आहेत, पण ‘कोणापासून?’ ही आकांक्षा त्यांनी पुरी होत नाही. हिरव्या पानातील हरितद्रव्य तांबडा प्रकाश शोषते, मात्र सुमारे ७०० नॅनोमीटरच्या पलीकडे पानाचे परावर्तन एकदम वाढते. साध्या हिरव्या रंगाने रंगविलेले कापड डोळ्यास झाडीसारखे दिसेल. परंतु त्या रंगाचे अवरक्तातील परावर्तन पानासारखे नसेल, तर प्रकाशवर्धक रात्रदर्शकातून उजळ झाडीत काळा डाग उमटतो. ही उणीव भरून काढणारे खास रंग लावले, तरी उष्णताचित्रकापुढे त्यांचा उपयोग नाही. तेथे वस्तूचे तापमान आणि पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता ह्यांवर सर्व अवलंबून आहे. म्हणजे खाकीने जे तत्त्व सांगितले ते आजही खरे आहे, मात्र ‘रंग’ ह्या शब्दाचा अर्थ आता तरंगलांबीगणिक वेगळा घ्यावा लागतो.

म्हणून छद्मावरणाचा उल्लेख नेहमी विशेषणासहित व्हावा : दृश्य, अवरक्त अथवा औष्णिक. जहाजासारख्या समुद्रावर उघड्या पडणाऱ्या वस्तूच्या बाबतीत हा प्रश्न फार तीव्र असतो. पहिल्या महायुद्धात १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन ह्या चित्रकाराने जहाजे लपविण्याचा विचारच सोडून दिला आणि त्यांवर असे ठळक पट्टे रंगविले की, पाणबुडीतून पाहणाऱ्यास जहाजाची दिशा व वेग ह्यांचा अचूक अंदाज करता येऊ नये. येथे आवरण नाही, भुलवणूक आहे. मराठीत लपणे, दडणे, भुलविणे, चकविणे ही क्रियापदे अर्थच्छटांसह उपलब्ध असताना सर्वांवर एकच संज्ञा लादण्याचे कारण नाही. शत्रूने भलत्याच वस्तूवर मारा करावा म्हणून उभारलेल्या खोट्या लक्ष्यास ‘चकवा’ म्हणावे. रात्रीच्या वाटसरूस भरकटविणारा चकवा खेड्यापाड्यांत सर्वांस ठाऊक आहे.

६. उपसंहार

ह्यावर असा आक्षेप घेतला जाईल की, विद्यार्थी अखेर इंग्रजी ग्रंथच वाचणार. मग हा खटाटोप कशाला? त्याचे उत्तर असे की, इंग्रजी संज्ञाही ह्या बाबतीत निर्दोष नाही. ‘नाइट व्हिजन’ ह्या शब्दाने तीन तत्त्वांची जी गल्लत होते, ती इंग्रजी वाचकाचीही होतेच. मराठीत नव्याने नाव देताना ती दुरुस्त करण्याची संधी आपणांस मिळते. शब्दशः भाषांतर केल्यास ती आपण गमावतो. दुसरा आक्षेप संस्कृतप्रचुरतेचा. तो अंशतः मान्य करावयास हवा. म्हणूनच वर लेसर व दुर्बीण जशीच्या तशी ठेवली आहेत आणि चकव्यास बोलीतून आणले आहे.

रणांगणावर हा भेद केवळ पुस्तकी नसतो. आपला दिवा शत्रूस दिसतो की नाही, आपला गणवेश कोणत्या उपकरणापुढे निरुपयोगी ठरतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या जिवावर बेतते. शिक्षणाच्या क्षेत्रात हानी त्या मानाने सौम्य, पण दीर्घकाळ टिकणारी आहे : चुकीच्या नावाने शिकलेले तत्त्व पुढे अनेक वर्षे चुकीचेच राहते. भौतिकशास्त्र आणि मराठी ह्या दोन विभागांतील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकत्र बसून अशा शंभर-सव्वाशे संज्ञांची छाननी करावी आणि प्रत्येकीला ‘प्रकाश कोणाचा?’ व ‘कोणापासून लपणे?’ हे दोन प्रश्न विचारावेत. सुचविलेल्या संज्ञांपैकी कोणत्या टिकतील हे वापरच ठरवील. छाननीचे काम मात्र आताच हाती घेण्याजोगे आहे.