संपादक रामानंद चटर्जी

दैनिकाचे आयुष्य एका दिवसाचे. मासिक मात्र महिनाभर वाचकाच्या घरी मुक्काम करते. म्हणून मासिकाच्या संपादकाला घाईने बोलून चालत नाही आणि भिऊन गप्प बसूनही चालत नाही. हे व्रत चाळीस वर्षांहून अधिक काळ पाळणाऱ्या संपादकांत रामानंद चटर्जी यांचे नाव अग्रभागी आहे.

रामानंदांचा जन्म १८६५ साली बंगालमधील बांकुडा येथे झाला. अलाहाबादेस कायस्थ पाठशाळेचे प्राचार्य असतानाच १९०१ साली त्यांनी 'प्रवासी' हे बंगाली मासिक सुरू केले. मराठीत प्रवासी म्हणजे वाटसरू. बंगालीत मात्र परमुलखात वस्ती करून राहिलेला. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या नावातील मर्म निराळे सांगावयास नको. रवींद्रनाथांची 'गोरा' ही कादंबरी प्रथम याच मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली.

परंतु बंगाली मासिकाचा आवाज बंगाली वाचकांपुरताच पोहोचणार, हे त्यांना दिसत होते. म्हणून १९०७ च्या जानेवारीत त्यांनी 'मॉडर्न रिव्ह्यू' हे इंग्रजी मासिक काढले. पुढल्याच वर्षी सरकारी रोषामुळे त्यांना अलाहाबाद सोडून कलकत्त्यास यावे लागले. इतिहासकार जदुनाथ सरकार, भगिनी निवेदिता यांच्यासारखे लेखक त्यांना लाभले. लेखकाला मोबदला देणे हे ते संपादकाचे कर्तव्य मानीत. स्वतःची संपादकीय टिपणे ते महिन्यामागून महिना लिहीत. त्यांत आवेशापेक्षा आकडे आणि आधार यांवर भर असे.

त्यांच्या स्वातंत्र्याची कसोटी अनेकदा लागली. १९२६ साली राष्ट्रसंघाने त्यांना जिनिव्हास निमंत्रण दिले. पण ज्याच्या कार्यावर टीका करण्याचा प्रसंग येईल, त्याचे मिंधे होऊ नये, म्हणून प्रवासखर्च त्यांनी पदरचा केला. सन्डरलंड या अमेरिकन लेखकाचे 'इंडिया इन बाँडेज' हे पुस्तक त्यांनी प्रकाशित केले, तेव्हा राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दंड भरावा लागला. स्वकीयांच्या बाबतीतही त्यांचा बाणा तोच होता. १९३७ च्या नोव्हेंबरात 'मॉडर्न रिव्ह्यू'त 'चाणक्य' या टोपणनावाने एक लेख आला. लोकप्रियतेच्या बळावर जवाहरलाल नेहरू हुकूमशहा होऊ शकतील, असा इशारा त्यात होता. तो लेख स्वतः नेहरूंनीच लिहिला होता, हे मागाहून उघड झाले.

१९४३ साली रामानंद निवर्तले. परक्या सत्तेविरुद्ध लिहावयास धैर्य लागते. आपल्याच लोकप्रिय नेत्याविषयीची शंका छापावयास त्याहून निराळे धैर्य लागते. रामानंदांजवळ ही दोन्ही होती.