घाटात जुनी गाडी का थांबते?

उन्हाळ्यात कसारा किंवा खंडाळ्याच्या घाटात ट्रेलर ओढणारी जुनी पेट्रोल जीप बंद पडली, की ‘इंजिन तापले’ असे म्हणून रेडिएटरमध्ये पाणी ओतले जाते. प्रत्यक्षात अनेकदा दोष इंधनपुरवठ्यात असतो. निदान चुकले तर इंजिनाचे मोठे काम निघू शकते.

पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश भागच गाडी चालवण्याच्या कामी येतो. उरलेली उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरवाटे बाहेर पडते. ट्रेलरसह चढ चढताना इंधन अधिक जळते. वेग मात्र कमी असल्याने रेडिएटरला वारा पुरत नाही.

तापमानाचा काटा हळूहळू चढत गेला, तर दोष शीतन यंत्रणेत शोधावा. रहदारीत उभी असतानाच गाडी तापत असेल, तर पंखा व त्याचा सैल पट्टा तपासावा. केवळ चढावर तापत असेल, तर जड पाण्याच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या चोंदल्याची शक्यता अधिक. थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येऊ लागले, तर हेड गास्केट फुटल्याची शंका घ्यावी.

काटा जागेवर असूनही गाडी आचके देत असेल, तर इंधनाकडे पाहावे. गार सकाळीही त्याच चढावर ओढ कमी पडत असेल, तर फिल्टर तुंबलेला किंवा पंप अशक्त असतो. दुपारी बंद पडलेली गाडी अर्ध्या तासाने आपोआप सुरू झाली, तर नळीत पेट्रोलची वाफ अडकली असावी. यालाच ‘व्हेपर लॉक’ म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवताच इंजिन चालू झाले, तर या निदानाला पुष्टी मिळते.

हे दोन्ही दोष एकमेकांत गुंतलेलेही असतात. पेट्रोल कमी पडले, की मिश्रण विरळ होते आणि भाराखाली इंजिन अधिकच तापते. त्यामुळे रेडिएटर बदलण्यापूर्वी फिल्टर आणि कार्ब्युरेटर तपासणे शहाणपणाचे ठरते.

गरम रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. दाबामुळे आतील पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेले नसते. झाकण निघताच ते वाफेसह अंगावर उसळते. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतल्यास सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो. गाडी बाजूला घेऊन, चाकांना ओट लावून इंजिन पुरते निवू देणे हाच सुरक्षित मार्ग होय.