नडगी मोडली : रॉड की प्लेट?

ऊसतोडीच्या हंगामात राधानगरी-कोल्हापूर रस्त्यावर अंधार पडला की, लाल पट्टी नसलेली ट्रॉली दुचाकीस्वाराला अगदी जवळ गेल्यावरच दिसते. गाडी धडकते, नडगी मोडते. दवाखान्यात नातेवाईक विचारतात, ‘डॉक्टर, रॉड टाकणार की प्लेट?’

याचे उत्तर नडगीच्या घडणीत आहे. गुडघ्याखाली पुढच्या, आतल्या बाजूने बोट फिरवून पाहा. कातडीखाली थेट हाड लागते, मध्ये मांस नाही. म्हणून मोडलेले टोक सहज कातडी फाडून बाहेर येते. घोट्याकडे स्नायू आणखी कमी, रक्तपुरवठा बेताचा. तिथले हाड सावकाश जुळते.

हाड मधोमध मोडले तर बहुधा रॉड टाकतात. हाडाच्या पोकळीत सळई घालण्याची आधुनिक पद्धत जर्मन सर्जन गेरहार्ड क्युंटशर यांनी 1940च्या सुमारास पुढे आणली. गुडघ्याजवळच्या छोट्या छेदातून सळई खाली उतरवतात. वर-खाली आडवे स्क्रू बसवले की हाड फिरत नाही. सळई मध्यातून जात असल्याने हाडाबरोबर भार वाटून घेते आणि पाय लवकर टेकवता येतो. मात्र नंतर गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखत असल्याची तक्रार बरेच जण करतात.

घोट्याजवळ पोकळी नरसाळ्यासारखी रुंदावते आणि सळई सैल पडू शकते. तिथे प्लेट पकड देते, पण पातळ कातडीखाली तिला जागा करावी लागते. जखम चिघळण्याची भीती राहते. घोट्याजवळच्या अशा फ्रॅक्चरच्या 321 रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2017मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनी रॉडवाल्यांना हालचाल थोडी सोपी जात होती. सहा महिन्यांनी लक्षणीय फरक उरला नाही. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मात्र प्लेटवाल्यांत अधिक होते.

जखमेत माती गेली, कातडी फाटली, तर आधी जखम धुऊन मेलेले मांस काढतात आणि बऱ्याचदा हाड बाहेरून चौकटीने धरून ठेवतात. हाडाचा तुकडाच गेला असेल, तर सायबेरियातल्या कुर्गान शहरी सर्जन इलिझारोव्ह यांनी विकसित केलेल्या, पायाभोवती बसवायच्या रिंगने दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने नवे हाड वाढवता येते.

म्हणजे निवड ठरते ती हाड कुठे मोडले आणि कातडी कशी आहे यावर. आणि कातडी जपणे रस्त्यावरच्या माणसांच्या हाती असते. जखमेवर हळद किंवा माती लावू नका, स्वच्छ कापड बांधा. बाहेर आलेले हाड आत ढकलू नका. पाय हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना फळ्या किंवा बांबूच्या कामट्या बांधा आणि लगेच निघा. कोल्हापूरपर्यंतच्या त्या वाटेवर पाय जितका स्थिर राहील, तितके डॉक्टरांपुढचे पर्याय जास्त.