सहाव्या वर्षीची दाढ

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत,' असे म्हणून आपण नशिबाला बोल लावतो. खऱ्याखुऱ्या दातांच्या बाबतीत मात्र दोष नशिबाचा कमी आणि हयगयीचा अधिक असतो.

भिवंडी हे यंत्रमागांचे गाव. मागावर सूत तुटले तर कारागीर गाठ मारतो आणि माग पुन्हा धडधडू लागतो. दाताला मात्र अशी गाठ मारता येत नाही. त्याचे वरचे चकचकीत कवच म्हणजे एनॅमल. आपल्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिजांचा. हे कवच घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. त्यामुळे एकदा पडलेले भोक शरीर स्वतः बुजवू शकत नाही. कवचाखाली त्याहून मऊ असे डेंटिन आणि त्याच्या आत रक्तवाहिन्या व नसा असलेला गर. कीड या गरापर्यंत पोहोचली, की माणूस रात्र रात्र तळमळतो.

बाळाचे दात आईच्या पोटातच आकार घेऊ लागतात. साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात दिसतो आणि अडीच-तीन वर्षांपर्यंत दुधाचे वीस दात पुरे होतात. पुढे कायमचे बत्तीस येतात. त्यांतली अक्कलदाढ सतराव्या वर्षानंतर, आणि काहींना ती येतही नाही.

या साऱ्यांत आईबापांची फसगत करते ती सहाव्या वर्षीची दाढ. ती दुधाच्या शेवटच्या दाढेमागे मुकाट्याने उगवते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून घरात कोणाला पत्ताच लागत नाही. पुढे ती किडली तरी 'दुधाचीच आहे, पडेल आणि नवी येईल,' असे म्हणून दुर्लक्ष होते. वास्तविक ती जन्मभराची दाढ असते. ती गेली तर तिच्या जागी दुसरी येत नाही; शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि चावण्याची घडी बिघडते.

कीड म्हणजे दातात वळवळणारी अळी नव्हे. दातांवरच्या थरातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल एनॅमलमधली खनिजे विरघळवते. लाळ ही झीज भरून काढू पाहते, पण तिला वेळ हवा. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच ती कितीदा खाल्ली हेही महत्त्वाचे. जेवणानंतर एक लाडू खाल्लेला परवडतो. दिवसभर चघळलेली गोळी किंवा घोटाघोटाने प्यालेला गोड चहा परवडत नाही.

मोठ्यांचे दुखणे निराळे. बारा-बारा तासांच्या पाळीत जागे राहण्यासाठी कोणी तंबाखूची चिमूट लावतो, कोणी सुपारी चघळतो. घरातल्या बायका दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात आणि तिची सवय जडते. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तोंडाच्या कर्करोगाला मात्र आमंत्रण मिळते. दंतमंजनात तंबाखू घालण्यावर १९९२ साली देशात बंदी आली आणि २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर. साधी सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिला कर्करोगकारक ठरविले. सुपारीने गालाच्या आतले अस्तर कडक होत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे, एकावर एक उभी धरून, तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील किंवा तिखट खाताना आग होत असेल, तर डॉक्टरांना दाखविण्यात दिरंगाई करू नये.

उपाय खर्चाचे नाहीत. सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. लहानग्यांना तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन वर्षांपुढे वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हातावर विसंबू नये, मोठ्यांनी ब्रश फिरवावा. दाढेच्या खाचा खोल असतील तर दंतवैद्य त्यांवर लेप देऊन त्या बंद करतात.

घरात सहा-सात वर्षांचे मूल असेल तर आजच बॅटरीच्या उजेडात त्याचा जबडा पाहा. सर्वांत मागे नवी दाढ आली असेल. ती साठ वर्षे टिकवायची आहे.