ट्रेनर शोधताय? कंट्रोल ग्रुप कुठाय?

फेलोशिप खात्यात पडली (उशिरा का होईना!) की मान-पाठ धरलेले आपण थेट जिम गाठतो. भिंतीवर 'आधी-नंतर'चे फोटो. थांबा, रिसर्च करायचाय ना तुम्हाला? मग विचारा, मध्येच सोडून गेलेल्यांचे फोटो कुठायत?

पहिल्या आठवड्यात उतरलेलं वजनही फसवं असतं. भात-पोळी तोडली की शरीरातलं ग्लायकोजेन घटतं आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम पाणी जातं. चरबी बहुतेक तिथल्या तिथेच.

मग ट्रेनर हवाच कशाला? २००० साली मॅझेटी आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. १२ आठवडे, व्यायाम सारखाच. एका गटावर ट्रेनरची नजर, दुसरा आपापला. नजरेखालच्या गटाची स्क्वॉट आणि बेंच प्रेसमधली ताकद जास्त वाढली. जादू नव्हती हो, त्या गटाने उचलायची वजनं भराभर वाढवत नेली होती. सँपल मात्र जेमतेम वीसेक पुरुषांचं, तेही आधीपासून व्यायाम करणाऱ्यांचं. नवख्या मुलींनी हा निष्कर्ष जपूनच वापरावा.

म्हणून ट्रेनरचे दंड बघत बसू नका. त्याची वही मागा: कोणाला, कधी, किती किलो वाढवले? मी न विचारताच तीन महिन्यांची फी भरून बसलो. आमचे सर सेटभर फोनवर असायचे.