तराजू, टेकडी आणि बोरघाट

पुण्याहून सकाळी निघालेली डेक्कन क्वीन मळवली मागे टाकते तेव्हा उजव्या हाताला कार्ल्याचा डोंगर असतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक असलेले इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी याच गाडीने वर्षानुवर्षे मुंबईला ये-जा करत. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल सातवाहनकाळी ज्या बोरघाटाने देशावर चढे, तोच घाट ते रेल्वेने उतरत.

कार्ल्याच्या चैत्यगृहात मी अलीकडे पुन्हा गेलो. खांबांवरच्या ब्राह्मी अक्षरांत दात्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटचे यवन आहेत. दर्शनी भागावर सिंहदत्त नावाचा गंधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, आणि वेणुवासाचा मुलगा सामी नावाचा सुतार, असे दोघे भेटतात. दोघेही धेनुकाकटचेच. राजांच्या वंशावळी पाठ करणाऱ्या आपल्या इतिहासाला या सुताराचे काय करावे ते कधी कळले नाही. कोसंबींनी मात्र याच माणसांना धरून प्रश्न विचारले : लेण्यांचा खर्च कुठून आला? विहार व्यापारी वाटांवरच का आहेत? धेनुकाकट म्हणजे कार्ल्याच्या परिसरातलेच गाव, असे त्यांनी मांडले. तो वाद अजून मिटलेला नाही, पण त्यांच्या प्रश्नांचा रोख मला अचूक वाटतो.

कोसंबींची पायी हिंडून शोध घेण्याची सवय घरातलीच. वडील धर्मानंद १८९९मध्ये गोव्यातले साखवाळ सोडून बुद्धाच्या शोधात निघाले. पुणे, काशी, नेपाळ असे करत ते सिंहलद्वीपी पोहोचले आणि १९०२मध्ये तिथे दीक्षा घेऊन पाली शिकले. दामोदर १९०७चे. हार्वर्डमधून १९२९मध्ये पदवी घेऊन परतले ते गणिती म्हणून. आनुवंशिकीत गुणसूत्रावरील जनुकांमधले अंतर काढायला त्यांनी १९४४च्या सुमारास दिलेले सूत्र आजही त्यांच्या नावाने वापरले जाते.

गणित इतिहासात कसे उतरले, ते नाण्यांत दिसते. तक्षशिलेला चांदीच्या आहत नाण्यांचा साठा सापडला होता. या नाण्यांवर राजाचे नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. कोसंबींनी तराजू पुढ्यात घेतला. नाणे हातोहात फिरते तसे ते झिजते. टांकसाळीतून एकसारखी निघालेली नाणी वापरात गेली की त्यांचे सरासरी वजन घटते आणि आपापसांतली तफावत वाढते. हे पडताळायला त्यांनी आधी आपल्याच काळातली, साल छापलेली, चलनातली नाणी हजारोंनी तोलली. मग जुन्या नाण्यांकडे वळले. मागच्या बाजूचे बारीक ठसे व्यापाऱ्यांनी वेळोवेळी पारखून मारलेले असावेत, असे त्यांना दिसले, कारण ठसे जितके जास्त तितके वजन कमी. असंख्य अनाम हातांनी केलेली ही झीज, आणि तिच्यातून नाण्यांचा क्रम लागला! अभिलेख नाही म्हणून हात टेकणाऱ्या अभ्यासकांना याहून चांगले उत्तर मला माहीत नाही.

मुंबईला जायचे नसले की ते पुण्याच्या टेकड्यांवर असत. हाती काठी, नजर जमिनीवर. गारगोटीच्या जातीच्या दगडाची नखाएवढी पाती, म्हणजे सूक्ष्मास्त्रे, ते वेचत. पालखीच्या वाटेवरही ती त्यांना सापडली. त्यांचा तर्क असा : पावसाळ्यात मावळच्या चिखलात मेंढरांचे खूर सडतात, म्हणून मेंढपाळ कळप घेऊन पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे सरकत. आषाढीला वारकरी जातात तीही दिशा तीच. वारीच्या कितीतरी आधी ही वाट कळपांनी मळलेली होती. गावोगावचे म्हसोबा, बोल्हाई, जोगूबाई यांच्याकडेही ते पुरावा म्हणूनच पाहत. गुरव, धनगर यांच्याशी बोलत, थान कुठून कुठे हलले ते विचारत. हे सारे १९६२च्या ‘मिथ अँड रिअॅलिटी’मध्ये आले.

त्याच वर्षी टाटा संस्थेतली नोकरी संपली. अणुऊर्जेवर होणाऱ्या खर्चाविरुद्ध ते उघड बोलत होते. या देशाला ऊन मुबलक मिळते, सूर्याची ऊर्जा वापरा, असे त्यांनी १९६०मध्ये पुण्यातल्या श्रोत्यांना सांगितले होते. जागतिक शांतता चळवळीतही ते होते. वडिलांची अहिंसा बौद्ध वाटेने आलेली, मुलाची मार्क्सच्या. पण दोघांनीही पटले ते पदरमोड करून पाळले.

२९ जून १९६६ला ते गेले तेव्हा वय अठ्ठावन्न होते. कार्ल्याच्या पायऱ्या उतरताना खाली इंद्रायणीचे खोरे दिसते, त्यातून रेल्वेचे रूळ आणि द्रुतगती मार्ग शेजारी शेजारी घाटाकडे जातात. सामी सुताराची नोंद वर दारापाशी आहे. शेजारच्या एकवीरेच्या दर्शनाला आलेली गर्दी त्या नोंदीसमोरूनच पुढे सरकत होती.